बत्तिशीकाकांनी मांडलेलं मऊ टेबल

गल्लीत त्यांना सगळे बत्तिशीकाका म्हणायचे, आणि त्याला कारणं दोन. एक म्हणजे काका लोकांचे दात बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापावर कवळी तयार करायचे. दुसरं कारण म्हणजे, साठी उलटून गेली तरी काकांच्या स्वतःच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी होते, आणि ते दाखवायची एकही संधी काका सोडायचे नाहीत. कुणी सफरचंद कापून दिलं तर कापलेलं नको म्हणायचे, अख्खं मागून घ्यायचे. फोटो काढताना सगळे गंभीर चेहरे करून उभे राहायचे आणि मध्ये हे एकटे खुशाल दात काढून हसत असायचे.

मागच्या खोलीत मेणाचा वास असायचा. टेबलावर छोटी शेगडी, घासायचं विजेवर फिरणारं चाक, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले. नव्या माणसाला ती फळी बघून कापरंच भरायचं. एकाही जबड्यावर नाव नाही. काकांना नावाची गरजच नव्हती. एखादा जबडा उचलला की त्यांना माणूस आठवायचा, त्याची बायको आठवायची, तो खोटं बोलताना तोंड कसं वाकडं करतो तेही आठवायचं.

पण आठवायचं आणि बोलायचं नाही. काकांचा तो कायदाच होता. कुणाच्या तोंडात काय आहे, ते काकांच्या तोंडातून बाहेर पडायचं नाही. बायकोलाही सांगायचं नाही. आणि नेमकी पंचाईत अशी होती की काकूंचं अर्धं माहेर काकांच्या हातचे दात लावून फिरत होतं. काकूंचा भाऊ मागच्या दारानं आला होता, थोरली बहीण अक्का मागच्या दारानं आली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सगळ्या घराण्यात आपण एकटेच. लग्नात ही मंडळी एका टेबलाशी जेवायला बसली की काका आपलंच काम समोर चावताना बघायचे, कुठे अडतंय, कुठे छान बसलंय ते मनात टिपायचे, आणि चेहरा मात्र दगडाचा ठेवायचे.

तर नाताळ. नाताळच्या दिवशी दुपारी काकूंचं सगळं माहेर काकूंकडे जमायचं, हे ठरलेलं. पंगत नाही, जेवण नाही. पुढच्या खोलीतलं मोठं टेबल खाण्याच्या जिनसांनी भरायचं, आणि माणसांनी संध्याकाळपर्यंत येता-जाता, उभ्यानं, गप्पा मारत, भांडत खायचं. घरात पाय ठेवायला जागा नसायची. काकू त्या टेबलावर जीव ओवाळून टाकायच्या. यंदा मात्र डिसेंबरच्या सुरुवातीलाच त्या न्हाणीघरात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. हात प्लास्टरमध्ये. दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी ते प्लास्टर बोटांनी दाबून पाहिलं, नखानं वाजवून पाहिलं, आणि म्हणाले, "चांगलं कालवलंय हं. बुडबुडा नाही कुठे." त्यावर काकू दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बोलल्या. "यंदा काय आणायचं, काय करायचं, ते तुम्हीच ठरवा. मला एका हातानं काही व्हायचं नाही. पण टेबल भरलेलं दिसलं पाहिजे, आणि माझी अक्रोडाची पट्टी झालीच पाहिजे."

ही पट्टी म्हणजे वितळवलेल्या साखरेत अक्रोड घालून थापलेली एक वडी, ती इतकी कडक व्हायची की बत्त्यानं फोडावी लागायची. दर वर्षी लोक तिला नावं ठेवायचे, आणि दर वर्षी सगळ्यांत आधी संपायची तीच. काका तर तिचा मोठ्यात मोठा तुकडा उचलून सगळ्यांसमोर कडाकड चावून दाखवायचे. "करतो," काका म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. तोवर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मग एका सकाळी धाकटी आली. मागच्या दारानं आली, तेव्हाच काकांना उमगलं की ही मेहुणी म्हणून आलेली नाही.

धाकटी म्हणजे काकूंची सगळ्यांत लहान बहीण. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एका लॉन्ड्रीत बसून ती कपड्यांचं दुरुस्तीकाम करायची, चेन बदलायची, काठ दुमडायची, फाटलेलं जोडायची. हिरड्यांनी दगा दिला आणि वरचे दात एकामागून एक गेले, तेव्हा कितीतरी दिवस ती तोंडावर पदर नाहीतर हात धरूनच बोलायची. तिची कवळी काकांनी स्वतःच्या मुलीचे दागिने घडवावेत तशी घडवली होती. तिच्या लग्नातला फोटो मागवून घेतला, भिंगातून बघितला, आणि पुढच्या दोन दातांतला एक तिच्या मूळच्या दातासारखा किंचित पुढे आलेला बसवला. सगळे दात सरळ रेषेत लावले की कुणीही ओळखतं. खोटेपणा लपवायचा तर थोडं वाकडं लावावं लागतं, हे काकांच्या धंद्यातलं शहाणपण.

"भाऊजी, यंदा मी एकटी येणार नाहीये," धाकटी म्हणाली.

"मग? कोण येतंय?"

"लिफ्टवाले."

हे लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ. हत्यारांनी पँटचा खिसा फाटला म्हणून एकदा दुकानात आले. पंधरा दिवसांनी दुसरा खिसा फाटला. मग पहिला परत फाटला. हा माणूस खिसे मुद्दाम फाडतोय असा धाकटीला संशय होता, आणि तो संशय तिला मनातून फार आवडत होता. लग्नाचं बोलणं अजून उघड झालं नव्हतं, पण नाताळला सगळ्या घराला भेटायला येतो, असं ते स्वतःहून म्हणाले होते. त्याचा अर्थ काय, ते कळायला काही फार अक्कल लागत नाही.

"त्यांना ठाऊक आहे?" काकांनी आपल्या वरच्या ओठाकडे बोट नेलं.

"नाही ना! तिथंच तर घोडं अडलंय. ते पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले तेच मुळी माझ्या हसण्याबद्दल. म्हणाले, तुमचं हसू बघितलं की दिवस बरा जातो. आता तुम्हीच सांगा, काय बोलू मी? ते हसू माझं थोडंच आहे? तुमचं आहे ते!"

काकांचं असं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं, आणि ते ऐकून इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

"मला अजून सवय झालेली नाही हिची," धाकटी म्हणाली. "काही कडक चावलं की वरचं सगळं हलतं. आणि तुमच्या घरी तर येता-जाता चावायचंच असतं. सगळ्यांसमोर पडली तर, भाऊजी? त्यांच्यासमोर? मी परत कुणाला तोंड दाखवायची नाही, सांगून ठेवते. तुम्ही एवढंच करा. टेबलावर कडक काही ठेवू नका. तेवढा एक दिवस निभावून न्या माझा."

"चिंता करू नकोस," काका म्हणाले. "टेबल माझ्या हातात आहे."

आणि खरोखर ते कंबर कसून कामाला लागले. आजवर काकांनी खाण्याजोगे दात केले होते, आता दातांजोगं खाणं करायचं होतं. बेकरीत गेले तर बेकरीवाल्याला त्यांनी भंडावून सोडलं.

"काका, ही बिस्किटं न्या. काय वाजतात दाताखाली!"

"वाजायला नकोत."

"मग ही घ्या, तीळ लावलेली."

"छे, छे. तीळ आत जाऊन बसतो."

"आत कुठे?"

"पोटात," काका म्हणाले आणि घाईघाईनं दुसऱ्या ताटाकडे वळले.

ताजा पाव टाळूला चिकटतो म्हणून सँडविचसाठी आदल्या दिवशीचा पाव घ्यायचा, तोही कडा कापून. मक्याच्या लाह्या नकोत, त्यांचं टरफल कवळीखाली शिरलं की माणूस नाचायला लागतो. चिवट टॉफी नको, ती तर कवळी सोबत घेऊनच बाहेर येते. केक घ्यायचा तो साधा, बदामाचा तुकडा नाही, संत्र्याची साल नाही. सफरचंद अख्खं नाही, कापलेलंही नाही. साखरेच्या पाकात शिजवलेलं. बटाट्याचे गोळे, कुस्करलेली अंडी, कोंबडीच्या खिम्याचे मऊ रोल, कस्टर्ड, जेली, बिनबियांची द्राक्षं. एकेक जिन्नस काका स्वयंपाकघरात उभं राहून चाखायचे, पण दातांनी नव्हे. त्यांच्या दातांपुढे दगडही मऊच. म्हणून घास जिभेनं टाळूवर दाबायचा, डोळे मिटायचे, आणि तो आपणहून विरघळतो का ते बघायचं. विरघळला तर पास.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. "हे काय चाललंय? बाळाला भरवायचंय का कुणा?"

"चव बघतोय."

"चव बघायला डोळे कशाला मिटायला लागतात? आणि माझे अक्रोड कुठे आहेत?"

"मिळाले नाहीत."

"नाताळात अक्रोड मिळाले नाहीत?"

"नाही."

काकूंनी डोळे वटारून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते त्यांना चांगलं माहीत होतं, पण तो खोटं का बोलतोय ते काही केल्या लक्षात येईना. काकू म्हणाल्या, "हे टेबल आहे की दवाखान्यातला वॉर्ड? माझ्या माहेरची माणसं काय आजारी आहेत?" आणि दणदण पावलं टाकत निघून गेल्या.

नाताळच्या दुपारी टेबल मांडून झालं तेव्हा काका दोन पावलं मागं सरकून त्याच्याकडे बघत राहिले. पिवळं, पांढरं, गुलाबी, सगळं कसं गुबगुबीत आणि निरुपद्रवी. जगातलं कुठलंही तोंड इथे बिनधास्त यावं. धाकटीचा दिवस निभावला, असं त्यांना अगदी पक्कं वाटलं.

माणसं येऊ लागली. पोरं जिन्यात धावायला लागली, कोट खुर्च्यांवर पडले, शुभेच्छांचा गलका झाला. काकूंचा भाऊ आला, बायकोला पुढे घालून हसत हसत आत शिरला, आणि टेबलाकडे बघता बघता त्याचं हसू मावळलं. त्यानं काकांचा दंड धरला आणि त्यांना थेट स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"भाऊजी, कुणाला सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगितलं?"

"माझं! माझ्या खालच्या दातांचं!"

"ब्र नाही काढला कुणाजवळ."

"मग हे काय आहे? एक तरी कडक वस्तू आहे का टेबलावर? लोक काय म्हणतील? म्हणतील, बत्तिशीकाकांनी कुणासाठी तरी मुद्दाम केलंय. आणि सगळ्यांत आधी माझ्याकडेच बघतील!"

तो जातो न जातो तोच अक्का आली. तिनं दार लोटून घेतलं. "शपथ घेतली होती ना हो तुम्ही? आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही. रात्री कवळी काढून ठेवायला सांगितलंत, तर मी ती काढतही नाही, का, तर ह्यांना कळू नये. आणि आज तुम्ही चव्हाट्यावर मांडलंत!"

"अहो अक्का, मी कुठे काय मांडलं?"

"पट्टी कुठे आहे? दर वर्षीची पट्टी कुठे आहे, ते सांगा आधी."

आणि मग काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या कुणाच्या घरी मऊ टेबल मांडलं असतं तर लोक म्हणाले असते, यंदा यांना केक जास्त आवडला वाटतं. पण कवळ्या करणाऱ्याच्या घरात कडक काहीच नाही, म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखंच: आतमध्ये कुणाला तरी नवीन दात बसवलेत, ओळखा कुणाला. आयुष्यभर तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस, आणि शेवटी त्याच्या टेबलानं बोंब मारली.

बदल करायला वेळ नव्हता. धाकटी दारात उभी होती. तिच्या शेजारी लिफ्टवाले, इस्त्रीचा शर्ट, हाताच्या रेघांमध्ये कधीच न जाणारं काळं तेल, आणि चेहऱ्यावर इतकी माणसं एकदम बघून गांगरलेलं हसू. काकांची नजर सवयीनं आधी दातांवर गेली. सगळे स्वतःचे. पुढच्या एकाचा कोपरा उडालेला. स्क्रू दातात धरायची सवय असणार. माणूस कामाचा आहे, काकांच्या मनात आलं.

लिफ्टवाल्यांनी काकूंच्या हातात एक डबा दिला. "साखरेत भाजलेले बदाम आहेत. आमच्या कामाच्या जागेजवळ एक जण करतो. जरा कडक आहेत, पण तोंडात टाकले की थांबवत नाही."

"अगंबाई!" काकू कडाडल्या. "कुणाला तरी आठवलं म्हणायचं की माणसांना दात असतात!" आणि त्यांनी तो डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला. धाकटीनं काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं.

इथवरही निभावलं असतं. पण अक्काचे यजमान, म्हणजे काकांचे थोरले साडू, गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. बसमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालेला माणूस. आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच काढायची सवय. त्यांनी टेबलाला एक फेरी मारली, एकेका ताटात नाक घातलं, आणि म्हणाले, "अरे बत्तिशी, हे काय रे? केक मऊ, बटाटा मऊ, सफरचंद शिजवलेलं! पावाच्या कडासुद्धा कापल्यास? खरं सांग, कुणाच्या तोंडात नवी बत्तिशी बसवलीस?"

हशा पिकला. काही जण जरुरीपेक्षा मोठ्यानं हसले. काही जण हसलेच नाहीत.

"अहो, काहीतरीच काय तुमचं!" अक्का म्हणाली.

"काहीतरीच कसं? शोधून काढू ना! नाताळचा खेळ!" साडूंना तर ऊतच आला. त्यांनी बदामांचा डबा उचलला. "प्रत्येकानं एकेक बदाम खायचा. सगळ्यांसमोर, कडाकड. जो खाणार नाही, तो पकडला!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. डबा फिरायला लागला. काकूंच्या भावाला एकाएकी कुणाला तरी फोन करायचं आठवलं आणि तो गॅलरीत गेला. अक्कानं पोट धरलं आणि सकाळपासून कशी कळ येतेय ते सांगायला लागली. भाचे-पुतणे कडाकड चावत होते. डबा हातोहात पुढे येत होता, आणि धाकटी भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंडचं पाणी पळालेलं. लिफ्टवाल्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच कळत नव्हतं. आपल्या बदामांचा असा मान झालेला बघून ते खूश होते. डबा हातात आल्यावर त्यांनी त्यातला चांगला टपोरा बदाम निवडला आणि धाकटीपुढे धरला. "हा घ्या. मोठा आहे."

"थांबा!" काका ओरडले. "माझी आहे. कवळी माझी आहे. टेबल मी माझ्यासाठीच मांडलंय. झालं समाधान?"

"तुझी?" साडू म्हणाले. "अरे, गेल्या नाताळात तू अक्रोड दातानं फोडून दाखवलास की!"

"तेव्हा होते. आता नाहीत."

कुणाचा क्षणभर विश्वासच बसेना. मग सगळ्यांना एकदम मजा वाटायला लागली. ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांसमोर आपले दात मिरवले, त्याचीच ही गत! साडू तर गुडघ्यावर थाप मारून हसले. "मग काढून दाखव! आम्हाला बघू दे तुझी कारागिरी!"

"दाखवा, काका, दाखवा!" पोरं कोरसमध्ये ओरडायला लागली.

काढून काय दाखवणार? जबडा? काकांनी तोंड घट्ट मिटलं आणि त्यावर हात ठेवला. बदाम चावला तर आत्ता सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्यांच्या दातांना तो म्हणजे किस झाड की पत्ती. पण बदाम चावला की प्रश्न परत तिथंच: मग कुणाची? काकूंच्या तेव्हा लक्षात आलं की हे कुणाला तरी पाठीशी घालतायत. "पुरे झालं आता, केक कापा," त्या म्हणाल्या, पण ऐकतं कोण! सगळं घर हसत होतं, आणि मध्ये तोंडावर हात धरून काका उभे. कान लाल झालेले. आता रडू फुटेल की काय, असं त्यांना खरंच वाटलं. ज्यांनी आजवर मागच्या दारानं येऊन त्यांच्यासमोर असाच तोंडावर हात धरला होता, त्या सगळ्यांना कसं वाटत असेल, ते त्यांना त्या वेळेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"पुरे!" धाकटी म्हणाली. आवाज एवढा मोठा नव्हता, पण तिच्याकडून कुणाला आवाजाची अपेक्षाच नव्हती. "भाऊजी खोटं बोलतायत. त्यांचे सगळे दात त्यांचेच आहेत. कवळी माझी आहे. वरची, अख्खी. मीच त्यांना सांगितलं होतं, कडक काही ठेवू नका म्हणून."

साडूंचं हसणं अर्ध्यावर राहिलं. धाकटी लिफ्टवाल्यांकडे वळली, पण बघत होती त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे. "तुम्ही माझ्या हसण्याबद्दल म्हणाला होतात ना, ते हसू भाऊजींनी केलंय. माझं काही नाही त्यात. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

लिफ्टवाल्यांच्या बोटांत तो टपोरा बदाम अजून तसाच होता. त्यांनी तो डब्यात परत ठेवला, डबा टेबलावर ठेवला, खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"दुखतं का?" त्यांनी विचारलं.

धाकटीनं आठवडाभर मनात नाही नाही ती उत्तरं तयार करून ठेवली होती. हा प्रश्न मात्र तिनं धरलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले. "हो," ती म्हणाली. "डावीकडे, मागे. बसवल्यापासून दुखतंय."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की काढावी लागते."

काका हबकले. आपल्या हातची कवळी टोचतेय, आणि ही मुकाट्यानं सोसतेय, आणि आपण तिचं कौतुक ऐकून फुशारलो! लिफ्टवाले त्यांच्याकडे वळले. "काका, आत्ता करता येईल का काही?"

"चल," काका धाकटीला म्हणाले, "आत चल आधी."

बाकीची मंडळी पुढच्या खोलीतच राहिली. अक्कानं नवऱ्याकडे असं काही पाहिलं की साडूंनी बदामांचा डबा झाकण लावून कपाटावर ठेवला. काकूंचा भाऊ गॅलरीतून परत आला. धाकटी खरं बोलली म्हणून बाकीच्यांनाही हुरूप आला असेल, असं वाटेल; तसं काही झालं नाही. सगळ्यांनी मऊ केकाचे मोठमोठे तुकडे घेतले आणि आपापली गुपितं त्याच्याबरोबर गिळली.

मागच्या खोलीत धाकटी भिंतीकडे तोंड करून वळली, कवळी काढून पाठीमागूनच काकांच्या हातात दिली आणि ओठांवर हात ठेवून स्टुलावर बसली. लिफ्टवाले दाराशी आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले आणि पाठ फिरवून उभे राहिले. "मी इथे बाहेरच आहे," ते म्हणाले. "तुमचं होऊ दे सावकाश."

काकांनी कवळी दिव्याखाली धरली. मागच्या बाजूला एक बारीकशी कड राहून गेली होती. अशी चूक त्यांच्या हातून सहसा होत नसे. त्यांनी पेन्सिलीनं तिथे खूण केली आणि चाक सुरू केलं. घरघर आवाज खोलीभर झाला.

"बाहेर कशाला?" धाकटी म्हणाली. दात नसल्यानं शब्द फुसफुसत बाहेर आले, म्हणून तिला परत म्हणावं लागलं. "बाहेर कशाला उभे राहता? या ना आत."

लिफ्टवाल्यांनी वळून पाहिलं. धाकटीनं ओठांवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. तिचा वरचा ओठ आत गेला होता, गाल बसले होते, आणि ती एकदम दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. खाली नाही, बटणाकडे नाही, त्यांच्याकडेच. लिफ्टवाले आत आले, दुसरं स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय का?"

टोचणारी कड केव्हाच घासून गेली होती. काका मान खाली घालून, कवळी चाकापासून दूर धरून, ते नुसतंच फिरू देत राहिले.